वरल्या आळीचा खडा

परवा पारावर लई गोंधळ झाला. निजाम गेला, आता मतं आली, गावोगाव पेट्या येणार म्हणं. शाळेचा मास्तर म्हणला, मत सगळ्यांनी दिलंच पाहिजे, जो देणार न्हाई त्याला दंड लावा. धर्मराजाचा नातू म्हणला, जबरदस्ती कावून? ज्याला वाटंल तो दील, ज्याला न्हाई वाटणार तो घरी झोपंल. दोघं असे तावातावानं भांडत होते, जसं काय ही गोष्ट जगात पहिल्यांदाच निघाली. मी पाण्याला चाललते. म्हणलं, मुडद्यांनो, तुमच्या बापजाद्यांनी हा घोळ याच पारावर घालून ठिवलाय. कुणी ऐकलं न्हाई. म्हातारीचं कोण ऐकतंय! म्हून तुमाला सांगते. तुमी तरी मधीच उठून जाऊ नका.

मी छबुबाई. माझं घर खालल्या आळीत शेवटलं. माझ्या उंबऱ्यापुढून चढण लागते ती वरल्या आळीला जाते. आता तिथं बाभळी अन् दगडं हायेत, पण मी लगीन होऊन आले तवा ती भरली आळी होती. मंग गाठीचा ताप आला. घराघरात उंदीर पडाय लागले, तसं आख्खं गाव उठून रानात झोपड्या करून राह्यलं. ताप सरल्यावर माणसं परत आली, पण वर कुणी गेलं न्हाई. ती आळीच अपशकुनी म्हणले, अन् खाली जागा धरून घरं बांधली. एकटा बंकटतात्या तेवढा वर गेला. त्याची बायको त्याच तापात गेलती, लेकरूबाळ काही नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं, तात्या, खाली ये. "माझं घर वर हाय, मी वर राहणार," म्हणला. म्हणला तो म्हणलाच. असा हेकट माणूस.

दोन एकर हलकं रान कसायचा अन् बाकीचा येळ ओट्यावर बसून अंबाडीचे दोर वळायचा. मोटंचे नाडे, बैलाचे कासरे, दावी. आता दोर वळायला माणसं लागतात दोन. एकानं पीळ भरायचा, दुसऱ्यानं टोक धरून ताण द्यायचा. ज्याच्या घरात दुसरं माणूसच न्हाई त्यानं काय करावं? तात्या दुसरं टोक खुंटीला बांधायचा. पण खुंटी ती खुंटीच. माणसाच्या हाताला कळतं, पीळ जादा झाला की तो जरासा ढिला सोडतो. खुंटीला काय कळतंय! त्याचा दोर जागोजाग आवळून यायचा. बाजारात गिऱ्हाईक म्हणायचं, "तात्या, दोर पक्का हाय तुमचा, पण चाकावर अडतोय." तात्या म्हणायचा, "टोक धराय कुणी न्हाई." बास, एवढंच. अन् पैसे कमी करून द्यायचा.

तुमी म्हणाल, छबुबाई, तू तर चढणीखालीच राहत होतीस, तू कावून न्हाई गेलीस टोक धराय? आता बघा! घरात सासू, सासूच्या वरती आजेसासू, गोठ्यात गुरं, पाठीला लेकरू. मी काय रिकामी बसलते? अन् बाईमाणूस एकट्या गड्याच्या ओट्यावर जाऊन बसलं असतं, तर ह्याच गावानं माझी काय इज्जत ठिवली असती? जाऊ द्या, तुमाला खड्याचं सांगायचंय.

सरकार निजामाचं होतं, पण ते तिकडं हैद्राबादेत. आमच्याइथं आप्पाराव पाटील. जी गोष्ट पाटलाच्या बी हातात राहत नसे, जिच्यावर पंचांत दोन तट पडत, ती घागरीवर घालायची. मारुतीपुढच्या पारावर तांब्याची घागर ठिवायची, वरून घोंगडं टाकायचं. चूल तिथं खडा. पांढरी गारगोटी म्हणजे हो, काळा खडा म्हणजे न्हाई. घोंगड्याखाली हात घालायचा अन् मूठ सोडायची. कुणी काय टाकलं ते त्या मारुतीलाच ठाऊक. अन् कायदा असा की शेवटल्या चुलीचा खडा पडल्याबिगर घागर उपडी करायची न्हाई. मागं कधी म्हणं एका घराला इचारायचं राह्यलं, तर त्यानं "मला इचारलं न्हाई, मी मानीत न्हाई" म्हून तळ्याचा बांध फोडला अन् सगळ्यांची पिकं वाहून गेली. तवापासून येसकरानं दारोदार जायचं, हाळी द्यायची, अन् एकूण एक चुलीला पारावर आणायचं. कुणी आजारी असला तर त्याच्या उशाशी घागर न्यायची. अन् धडधाकट असून जो खडा टाकणार न्हाई, त्याचं इस्तू-पाणी बंद. काड्याची पेटी तवा कुणाच्या बापानं बघितलती? चूल विझली की शेजारणीकडून गोवरीवर इस्तू आणायचा. तो बंद झाला म्हणजे माणूस असून नसल्यात जमा.

सगळ्या चुली म्हणते खरी, पण सगळ्या कुठं! हाळी देणारा धोंडीराम येसकर महारवाड्यातला. त्यानं सगळ्या गावाला बोलवायचं, त्याच्या चुलीला कुणी बोलवीत नसे. अन् आमच्या चुलीचा खडा आमचे मालक टाकायचे. धूर माझ्या डोळ्यात, अन् खडा त्यांच्या हातात. मला कुणी कधी इचारलं न्हाई.

तर त्या साली घागर बसली बायनाबाईसाठी.

बायनाबाई म्हणजे धर्मराज जमीनदाराच्या भावकीतली. नवरा आधीच गेलता. गाठीच्या तापात गाव रानात गेलं, तवा तिच्या सासूच्या काखेत गाठ आलती. गावानं ठरवलं, गाठ आलेलं माणूस झोपड्यात आणायचं न्हाई, अन् जो त्याच्यापाशी राहील त्यानं बी यायचं न्हाई. बायनाबाईनं पोरगी बहिणीकडं धाडली अन् आपण सासूपाशी राह्यली. त्या रिकाम्या गावात त्या दोघीच. सासू मेली. आता जाळायला इस्तू कुठून आणावा? तर ही बाई झोपड्यांच्या कडंला आली अन् लांब उभी राहून ओरडली, "कुणी इस्तू द्या!" सुंदररावाच्या बायकोला दया आली, तिनं खापरात निखारे नेऊन दिले. अन् पुढल्या आठवड्यात सुंदररावाचं पोरगं तापलं. दोन रातीत गेलं. एकुलतं एक हो! सुंदरराव वेडापिसा झाला. म्हणला, हिनं माझं पोरगं खाल्लं. लोक भेदरलेले होते, तिथंच झोपड्यात आरडाओरडा करून बायनाबाईला वाळीत टाकलं. घागर न्हाई, खडा न्हाई, काही न्हाई.

तवापासून ती ओढ्यापल्याड खोपट करून राहत होती, ती अन् तिची पोरगी वत्सला. तिला कुणी इस्तू देत नसे, तिच्याशी कुणी बोलत नसे, तिच्या पाणवठ्यावर कुणी जात नसे. ती चूल कधी विझू देत नव्हती, रातीला उठून राख सारखी करायची म्हणं. अशी वर्सं गेली. वत्सला लग्नाला आली. नांदूरघाटचं एक चांगलं स्थळ आलं. पोराच्या बापानं पोरगी बघितली, पसंत केली, अन् म्हणला, "गावानं तुमाला पंगतीला घेतलं तर आमी सुपारी फोडतो. पण मिरगाच्या आत. मिरग लागला की आमी दुसरीकडं बघणार." खरं हाय त्याचं, वाळीतली पोरगी घरात घेऊन त्यानं आपल्या भावकीत काय तोंड दाखवावं? मंग धर्मराजानं पाटलाला गळ घातली, सुंदरराव आडवा पडला, अन् पाटलानं घागर मांडली.

चैताचा महिना होता. सगळ्या चुलींनी खडे टाकले, अन् दुपारी कळलं, बंकटतात्या गावात न्हाई. दोर विकाय मांजरसुंब्याला गेलाय. मंग थांबा! पाटील म्हणला, आपणच वर जाऊन बसू. दिवस कलता कलता पाटील, सुंदरराव, धर्मराज, अजून चार-दोन शेलकी माणसं माझ्या दारापुढून चढण चढून गेली. मालकांनी मला सांगितलं, तात्याकडं धड तांब्या असंल नसंल, तू पाणी घेऊन जा. म्हून मी गेले, म्हून मी हे डोळ्यांनी बघितलं.

तात्या खांद्यावर न खपलेले दोर टाकून वर आला, अन् ओट्यावर ही एवढी माणसं. तो जागच्या जागी उभाच राह्यला. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. "काय झालं?" म्हणला. पाटील म्हणला, "काही न्हाई, बंकट. तुझ्यासाठी थांबलोय. तुझा खडा राह्यलाय." बाई, त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तुमी! तो घरात गेला, बाहेर आला, पुन्ना घरात गेला. गुळाचा खडा आणला, तो मुंग्यांनी खाल्लेला, फुंकून फुंकून पाटलापुढं ठिवला. घोंगडी झटकून अंथरली. पाटलानं मी नेलेलं पाणी पिलं. बायको गेल्यापासून त्या ओट्यावर कुणी पाणी पिलं नव्हतं.

पाटील म्हणला, "चल आता, खडा टाक, घागर उपडी करू."

तात्यानं सगळ्यांकडं एकेकदा बघितलं. मंग म्हणला, "आज नको पाटील. इचार करतो. लेकीबाळीची गोष्ट हाय." सगळ्यांना ते पटलं. शहाणा माणूस म्हणले, अन् उठले.

दुसऱ्या दिवशी धर्मराज आला. येताना भाकरी, ठेचा, वर लोणी. तात्या दोर वळीत बसलता. म्हणला, "बस की. जरा हे टोक धर." धर्मराजासारखा जमीनदार माणूस, दोराचं टोक धरून बसला अन् बायनाबाईची बाजू सांगत राह्यला. तिसऱ्या प्रहरी सुंदरराव आला. त्याला बी टोक दिलं. सुंदरराव पोराचं बोलाय लागला. पोरगं कसं चालायचं, तापात काय मागायचं. बोलता बोलता तो गडी रडाय लागला, अन् तात्या बी रडला. ताप सरल्यापासून तो बायकोचं कुणापाशी बोलला नव्हता, ते त्या दिवशी बोलला. दोघं मिळून अंधार पडस्तोवर बसले. मी माझ्या ओट्यावर दळीत होते, मला खाली ऐकू येत होतं.

मंग काय, ओघच लागला. ज्यांचं ज्यांचं मन एकीकडं होतं ते सगळे वर जाऊन तात्याला आपल्याकडं ओढायला लागले. बायका बी जाऊ लागल्या, आता कुणी नावं ठिवीत नव्हतं. आमचे मालक धर्मराजाच्या बाजूचे, त्यांनीच मला धाडलं. "सकाळी इस्तू घेऊन जात जा, दोन शब्द गोड बोल." मी म्हणलं, मला इचारीत न्हाईत अन् माझं गोड बोलणं बरं लागतं तुमाला! पण गेले. तात्याच्या अंगात नवी पैरण आली. ओटा सारवलेला. दोर तर असे उतरत होते त्या दिवसांत, माणसाच्या हातातले, एकसारखे, कुठं आवळलेले न्हाईत. मला दाखवायचा. "छबे, हात फिरवून बघ. हाय कुठं अडत?" लेकरासारखा खुश.

धोंडीराम येसकर रोज सकाळी ओट्याखाली उभा राहून हाळी द्यायचा, "तात्या, खडा!" अन् तात्या म्हणायचा, "उद्या." चैत सरला, वैशाख लागला, तरी उद्या. एकदा मी होते तवाच तात्यानं त्याला इचारलं, "धोंडीराम, तुझा खडा असता तर तू काय टाकला असतास?"

धोंडीराम म्हणला, "मालक, मला कुणी इचारलं असतं तर मी तवाच टाकला असता. तुमच्यावाणी मुठीत धरून बसलो नसतो."

तात्यानं मान खाली घालून दोर वळाय घेतला. पण दुसऱ्या दिवशी पुन्ना उद्याच.

मी वळखलं होतं. बाकीच्यांना वाटायचं तात्या मोल वाढवतोय. काही म्हणायचे सुंदररावानं त्याला रान देतो म्हणलंय, काही म्हणायचे धर्मराजानं गाय. सगळं खोटं. त्याला न रान पाहिजे होतं न गाय. ज्या दिवशी खडा पडंल त्या दिवशी चढणीवरची वाट मोडंल, एवढं त्याला कळत होतं, अन् ते त्याला सोसवत नव्हतं. राग यायचा मला. तिकडं ओढ्यापल्याड एक माय दिवस मोजतीय, मिरग तोंडावर आलाय, अन् हा इथं माणसं जमवून बसलाय! पण बोलले न्हाई. त्याचं ते तोंड बघितलं की बोलवत नव्हतं.

शेवटाला पाटील तापला. वर आला तो बसला बी न्हाई. "बंकट, लई झालं. परवाच्या आत खडा पडला न्हाई, तर कायद्यानं तुझं इस्तू-पाणी बंद. कुणी तुझ्या ओट्याला पाय लावणार न्हाई, कुणी बोलणार न्हाई."

तात्या हासला. म्हणला, "पाटील, ते तर कवाचंच बंद हाय की. तुमी नवं काय बंद करणार?"

जो आधीच वाळीत असल्यासारखा, त्याला कशात टाकायचं? कायदा करणाऱ्यांनी हे धरलंच नव्हतं. पाटील पाय आपटीत खाली गेला.

अन् त्याच दिवशी दुपारी, उन्हाची, बायनाबाई आली.

तिला गावात पाय ठिवायची बंदी, पण वरली आळी ओसाड, ओढ्याकडनं डोंगराच्या अंगानं आलं तर कुणाला दिसत न्हाई. मी परसात गोवऱ्या ठिवायला गेलते तात्याच्या, पडक्या भिंतीमागं होते. तात्याला पायाचा आवाज आला. मान वर न करता म्हणला, "या, बसा. टोक धरा जरा."

ती बसली न्हाई. अंगणात लांब, लोक वाळीतल्याला उभं करतात तेवढ्या लांब उभी राह्यली. तात्यानं बघितलं अन् त्याच्या हातातला पीळ सुटला.

"तात्या," ती म्हणली, "मी तुमाला पांढरा टाका म्हणाय न्हाई आले. काळा टाका. तुमच्या मनाला येईल तो टाका. पण टाका. काळा पडला तर पोरीला सांगीन, न्हाई नशिबात. पर हे रोज ओढ्याकडं कान लावून बसणं मला आता होईना."

दोर ओट्यावरून खाली लोळत होता, पीळ उलगडत होता. तिला ते बघवलं न्हाई बहुतेक, कामाच्या बाईचा हात! ती पुढं झाली, खाली वाकली अन् दोराचं टोक उचलून ताणून धरलं. तसं धरताना तिनं ओट्यावरच्या खुंटीकडं बघितलं. खुंटीला दोर घासून घासून खाच पडलेली.

"तुमी बी खुंटीला बांधता?" ती म्हणली. "मी बी पोटासाठी दोर वळते, तसंच करते. वत्सला हाय तोवर ती धरते. पण ती रानात गेली की खुंटीच."

तेवढंच. तात्यानं पीळ भरला, तिनं ढिलं सोडलं, दोर पुरा झाला. तिनं टोक ओट्यावर ठिवलं अन् आली तशी गेली. तात्या तोंडावर उपरणं घेऊन बसला. मी मागल्या मागं घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीराम चढणीला लागायच्या आधीच तात्या खाली उतरला. नवी पैरण घातलेली. पारावर गेला, घोंगड्याखाली हात घातला अन् मूठ सोडली. खडा पडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मला वाटतं. गाव गोळा झालं. पाटलानं घागर उपडी केली.

पांढऱ्या गारगोट्यांचा ढीग पडला हो! काळे मूठभर. तात्याचा पडला नसता, तरी बायनाबाई गावात आलीच असती. काळा पडला असता तरी आलीच असती. ज्या खड्यासाठी दोन महिने ही चढण झिजवली, त्या खड्याला काही मोलच नव्हतं. सुंदरराव खाली मान घालून निघून गेला, अन् गाव आधी हासलं, मंग चिडलं. ह्या एका माणसापायी आपण नाचलो! धर्मराज म्हणला, "एका पोरीचं लगीन ह्यानं घालवलं असतं!" कुणीतरी म्हणलं, हा कायदाच खोटा. जो येईल त्याचा खडा, जो न्हाई आला तो न्हाई आला, त्याच्यापायी गाव कावून अडवायचं? जबरदस्ती नको. "बरोबर! बरोबर!" पाटील म्हणला, "ठरलं. इथून पुढं येसकरानं पारावरून एकदा हाळी द्यायची. ऐकंल तो येईल." बघा, खडा सक्तीचा नको हे ठरवताना कुणाच्या चुलीला खडा इचारला न्हाई. आरडाओरडा करूनच ठरलं. तात्या तिथंच उभा होता. त्याच्याकडं कुणी बघितलं बी न्हाई.

वत्सलाचं लगीन झालं, मिरगाच्या आत. बायनाबाई ओढ्याअल्याड राहाय आली. तिच्या दारात रोज बायका, कुणी इस्तू न्यायला, कुणी द्यायला, इतक्या वर्सांचं बोलणं साठलेलं. तिला आता गाव होतं. पहिल्या सणाला ती पुरणाची पोळी घेऊन वर गेलती, मंग जायचं राह्यलं. मी तिला बोल लावीत न्हाई. माझ्या दारापुढली वाट हाय, मी तरी किती चढले? लेकरं झाली, सासू अंथरुणाला खिळली, दिवस जातात.

तात्याचे दोर पुन्ना आवळून यायला लागले.

घागर बसायची अधूनमधून. पारावरून धोंडीराम हाळी द्यायचा, ती वरल्या आळीला ऐकू जात नसे. तात्याला कुठून तरी उडत उडत कळायचं. तो धुऊन पुसून दोन खडे, एक पांढरा एक काळा, उपरण्याच्या गाठीला बांधून खाली यायचा, तवर घागर पालथी. एकदा असाच आला. सुंदरराव पारावर बसलता. चांगल्या मनानं बोलला तो, वाईट न्हाई. म्हणला, "झालं की तात्या, कालच. कशाला तरास घेता चढण उतरायचा? तुमच्यावाचून काही अडलं न्हाई."

तात्या म्हणला, "हां. अडायचं काय?" अन् वर गेला. त्यानंतर मी त्याला खाली उतरताना बघितलं न्हाई.

मंग एका साली तळ्याच्या पाण्यावरून घागर बसली. हिवाळा होता. आमचे मालक तोवर गेले होते, म्हून आमच्या चुलीचा खडा माझ्या हातात होता, पहिल्यांदाच. मी टाकला. बायनाबाई माझ्या मागं होती, तिनं टाकला. पाटील घागरीला हात घालणार, तेवढ्यात ती म्हणली, "थांबा. वरल्या आळीचा खडा राह्यलाय."

कुणीतरी म्हणलं, "आता थांबायचं न्हाई, बाई. ठरलंय ना? ज्याला यायचं तो येतो."

"तुमी नका थांबू," ती म्हणली. "मी घेऊन येते त्याला." अन् पदर खोचून निघाली. मी बी तिच्यामागं निघाले, कावून कुणास ठाऊक.

तात्या ओट्यावर होता. खांबाला पाठ टेकून बसलेला, अंगावर घोंगडी. दोराचं एक टोक त्या खाचेच्या खुंटीला, दुसरं त्याच्या मुठीत. अंग लाकूड झालेलं. कधी गेला, काल का परवा, ते सांगाय तिथं कोण होतं? चुलीतली राख गार होती. उपरण्याच्या गाठीत दोन खडे होते. बायनाबाईनं आधी खुंटीचं टोक सोडलं, अन् ते हातात धरून ती खाली बसली. "तात्या, मी धरलंय," म्हणाय लागली. पुन्ना पुन्ना तेच. मला तिथं उभं राहवंना. मी बोंब ठोकीत खाली पळाले.

पारावर आले तर घागर उपडी झाली होती. फैसला झाला होता, माणसं घरी चाललती.

मंग धोंडीराम उठला. खड्याची हाळी पारावरून एकदाच, पण मयताची हाळी अजून चूल तिथं होती, तो कायदा कुणी मोडला नव्हता. तो एकूण एक दारात गेला. "वरल्या आळीचा बंकटतात्या गेला हो! चुलीमागं एक माणूस चला!" अन् चुलीमागं एक माणूस निघालंच, न येऊन सांगतो कोणाला? पाटील आला, सुंदरराव आला, धर्मराज आला. माझ्या दारापुढली चढण माणसांनी भरून गेली. पाटलानं पुन्ना तात्याच्याच ओट्यावर पाणी पिलं, ते बी मीच नेलतं. अन् तात्या मधी, अन् भोवती सगळं गाव, अन् ओट्यावर बसाय जागा न्हाई.